झोळीखालचं कासव

आमच्या नदीकाठच्या गुआमा वस्तीत कासव पाळणारी घरं काही कमी नव्हती. ज्याच्या घरी दम लागणारं पोर, त्याच्या परसात कासव, हे ठरलेलंच. पण झुल्मीराने त्या कासवासाठी जे केलं, ते कुणी लग्नाच्या नवऱ्यासाठीही केलं नसतं. नवऱ्यासाठी करायला तिला सवडच मिळाली नाही म्हणा. तिचा मुलगा एवाल्दो रांगत होता तेव्हाच नवरा नदीच्या वरच्या अंगाला सोनं शोधायला गेला, तो गेलाच.

मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांमध्ये फळ्यांचं कुंपण होतं आणि त्यातली एक फळी कायमची निखळलेली. तेवढ्या फटीतून आम्ही आयुष्यभर मीठ, बातम्या आणि भांडणं एकमेकींना दिली. माझं पुढच्या खोलीत असाईचं दुकान. सकाळी बोटीने आलेली ती काळी-जांभळी फळं मशीनमध्ये घालायची, गर काढायचा, दारावर लाल झेंडी लावायची की माणसं पातेली घेऊन हजर. गर विकला जातो, मागे उरतात बिया, पोत्यांवर पोती. लोक बिया खड्ड्यांत भर घालायला नेतात. झुल्मीरा कासवासाठी न्यायची.

एवाल्दो चार वर्षांचा असताना त्याची छाती रोज संध्याकाळी शिट्टी वाजवायला लागायची. आमच्याकडे मोठी माणसंही टांगलेल्या झोळीत झोपतात, पण हे पोरगं झोळीत आडवं होऊ शकायचं नाही. झुल्मीरा त्याला खांद्यावर उभं धरून येरझाऱ्या घालायची आणि सकाळी तशीच शाळेत स्वयंपाकाला जायची. शेवटी तिचा बाप नदीतल्या त्यांच्या बेटावरून आला, टोपलीत कासव घेऊन. पिवळ्या ठिपक्यांचं, भाकरीएवढं. म्हातारा म्हणाला, "पोराच्या झोळीखाली ठेव. रोग खाली उतरतो, ह्याच्यात जातो. मग परसात सोड आणि सांभाळ. विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, कापायचं तर नाहीच. हे फाटकाबाहेर गेलं की रोग परत पोराला शोधत येणार."

मला हसू आलं होतं. पण बाप्तिस्म्याच्या वेळी त्या पोराला मीच हातात धरलं होतं, तो मला मद्रिन्या, म्हणजे धर्ममाता म्हणायचा आणि त्या नात्याने झुल्मीरा मला कोमाद्रे, त्यामुळे हसू मी गिळलं. कासव झोळीखाली राहिलं. पोर बरं झालं, निदान तसं दिसलं. झुल्मीराने कासवाचं नाव डॉक्टर ठेवलं.

मग तिने परसात आंब्याखाली डॉक्टरसाठी आवार केलं. आवार म्हणजे काय, तिच्या स्वतःच्या खोलीपेक्षा बरी जागा होती ती. विटांचं हातभर कुंपण, आणि त्या विटा जमिनीत आणखी वीतभर गाडलेल्या, कारण कासव उकरून पळतं. अर्धी जागा उन्हात, अर्धी सावलीत. जुन्या कौलांचं छप्पर, खाली वाळलेली पानं. पाण्यासाठी पसरट परात जमिनीत बसवलेली, तीही एका बाजूने उतरती, म्हणजे डॉक्टर बुडायला नको. आमच्याकडे दुपार झाली की पाऊस येतोच, आणि डिसेंबरपासून तर जमीन भाताच्या पेजेसारखी होते. ओलीत बसलं तर कासवाला सर्दी होते, नाकातून फुगे येतात. म्हणून माझ्या बिया. पोतं ओतायचं, पसरायचं, पाऊस ते वाहून न्यायचा, पुन्हा दुसरं पोतं.

"कोमाद्रे, आजच्या बिया?" रोज दुपारी त्या फटीतून तिचं डोकं यायचं.

"घे बाई. तुझा डॉक्टर माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त असाई खातो."

"खात नाही, त्यावर झोपतो. खायला आज पपई दिली. जास्वंदीची फुलं दिली. तोंड फिरवलं. कालपासून रुसलाय."

आमच्याकडे मानाने बाप्याला सेउ आणि बाईला दोना म्हणतात; तर कोपऱ्यावरचा मासळीवाला सेउ जेनिव्हाल एकदा कुंपणावरून म्हणाला, "दोना झुल्मीरा, चांगला वजनदार झालाय हो. रस्सा कधी?" तिने त्याच्या दुकानातून मासळी घेणं त्या दिवसापासून बंद केलं. पुढे जेनिव्हाल वारला तेव्हा ती त्याच्या घरी गेली, डोळे पुसले, पण परत येताना मला म्हणाली, "तसा वाईट नव्हता. फक्त खादाड होता."

एवाल्दो सात वर्षांचा झाला त्या ऑक्टोबरात तिने नवस फेडला. सिरिओच्या, म्हणजे नाझारेच्या मातेच्या दरवर्षीच्या मिरवणुकीत तिला ज्याचा जो अवयव बरा झाला तो मेणाचा करून वाहतात. कुणी पाय, कुणी डोकं. झुल्मीराने मेणाची छाती घेतली, पोराच्या डोक्यावर दिली आणि लाखो माणसांच्या गर्दीत त्याला चालवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला जेवण. कसाव्याच्या पाल्याची मनिसोबा ती आठवडाभर शिजवत होती, पाल्यातलं विष उतरेपर्यंत. जेवायला बसलेल्या प्रत्येकापुढे तिने पोराला उभं केलं. "बघा, घ्या कान लावून. आहे का शिट्टी?" लोक खरंच कान लावत होते. पोरगं नव्या बुटांत ताठ उभं होतं.

त्यानंतर झुल्मीराचं आयुष्य त्या विटांच्या कुंपणाला बांधलं गेलं. मकापाला तिची बहीण होती, ये म्हणाली, दोघी मिळून खानावळ काढू. झुल्मीरा गेली नाही. पाववाला सेउ अनिसेतो बायको गेल्यावर रोज तिच्या दाराशी जास्तीचा पाव ठेवायचा. माणूस चांगला, दात सगळे शाबूत. मी म्हटलं, "हो म्हण ना गं." ती म्हणाली, "त्याच्याकडे कुत्रा आहे." संपलं. कुत्र्यापायी माणूस नाकारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

विशीत एवाल्दो मराबाला निघून गेला, मोटारी दुरुस्त करायला. एका रात्रीचा बसप्रवास. झुल्मीरा रडली, पण अभिमानाने रडली. "छाती असल्याशिवाय का एवढ्या लांब जातं पोर? जाऊ दे. त्याचा दम मी इथे धरून ठेवते."

तिचं तसंच होतं. ती खरोखर मानायची की ती परसात बसून मराबातल्या पोराचा श्वास सांभाळते आहे. फोन आला की पहिला प्रश्न, "श्वास ठीक?" तिकडून, "ठीक, आई." मग, "डॉक्टर पण ठीक." मग हवापाणी.

आणि एवाल्दो घरी यायचा फक्त सिरिओला. तीन दिवस. त्यातही झोपायला घरी नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला मित्र होता, त्याच्याकडे जायचा. दिवसभर आईशेजारी बसणार, तिने केलेलं सगळं खाणार, डॉक्टरचं छप्पर नीट करणार, आणि दिवेलागण झाली की उठणार. झुल्मीराने त्याची झोळी धुऊन, उन्हात वाळवून आकड्याला टांगलेली असायची. ती तशीच रिकामी लोंबायची. तो गेल्यावर ती पुन्हा घडी घालून पेटीत ठेवायची, पुढच्या वर्षासाठी.

"लाज वाटते त्याला घराची," ती एकदा म्हणाली. "खालून पाणी येतं, वरून पाणी येतं. वाटणारच."

"लाज वाटायला हवी ती त्याच्या वागण्याची," मी म्हटलं.

"माझ्या पोराला काही बोलू नकोस हं, कोमाद्रे."

मग ती आजारी पडली. आधी पाय सुजले, मग पोट. डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी, तिला घरी पाठवून दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता जे आवडेल ते खायला द्या. फेब्रुवारी महिना होता, पाऊस सकाळपासूनच धरायचा. मी एवाल्दोला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी हजर झाला, रजा काढून. मला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी शेवटच्या रात्री आईजवळ राहील.

संध्याकाळ झाली, हा उठला. "सकाळी लवकर येतो, आई."

"थांब ना रे आज."

"येतो ना सकाळी."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रात्री तिच्याजवळ मी. तिला कूस मीच बदलायची, पाणी मीच पाजायचं, आणि ती डोळे उघडून, माझ्याकडून टांगून घेतलेल्या त्या रिकाम्या झोळीकडे बघायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौथ्या दिवशी तो दुकानात माझ्यासाठी फळांची टोपली उचलून आत आणत होता, तेव्हा मी मशीन बंद केलं.

"आशीर्वाद, मद्रिन्या," तो नेहमीप्रमाणे म्हणाला.

"देत नाही जा. कसला मुलगा रे तू? आई मरायला टेकलीय आणि तुला मित्राची मऊ गादी सुटत नाही? लोकांचं कासव फाटकात राहतं, तुला तेवढंही जमत नाही?"

त्याने टोपली खाली ठेवली. निघून गेला. मला वाटलं, गेला रागावून, जाऊ दे.

दुपारी पाऊस असा कोसळला की डॉक्टरच्या आवारात पाणी साचलं असणार हे मला इथूनच कळलं. झुल्मीरा झोपेतही विचारणार. मी बियांचं पोतं ओढत, अंग चोरून फटीतून पलीकडे गेले. आंब्यामागे कुणीतरी होतं. एवाल्दो. दोन्ही हात खोडाला टेकलेले, तोंड सालीला लावलेलं, खांदे वर-खाली होत होते, आणि त्या पावसाच्या आवाजातही मला ती शिट्टी ऐकू आली. चार वर्षांच्या पोराची होती तीच, फक्त आता जाड झालेली. त्याने खिशातून छोटा पंप काढला, तोंडात फवारला, थांबला, पुन्हा फवारला. मग मला पाहिलं.

डॉक्टर छपराखाली मान आत घेऊन बसला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेला होताच कधी?" तो म्हणाला. बोलताना एकेक शब्द वेगळा काढावा लागत होता. "थोडा कमी झाला होता, तेवढंच. मिरवणुकीचे बूट अजून नवे होते, मद्रिन्या, तेव्हाच परत लागला. पण आईने सगळ्या गल्लीला जेवायला घातलं होतं. सगळ्यांनी कान लावले होते. मी काय सांगणार? ती झोपली की मी इथे यायचो. खोडात तोंड दाबलं की आवाज कमी होतो. ह्याला ठाऊक आहे सगळं." त्याने कासवाकडे बोट केलं. "हा तेवढा एकटा कुणाला बोलला नाही."

"आणि पंप?"

"नंतर दवाखान्यातून मिळाला. बुटात लपवायचो. दिवसा जमतं. रात्री ह्या ओलीत नाही जमत. झोळीत आडवा झालो की तिला दोन मिनिटांत कळेल. मराबाची हवा कोरडी आहे म्हणून गेलो, आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून."

मी पोतं तिथेच टाकलं. मला इतका राग आला की रडूच फुटलं. एक बाई इथे पोराच्या श्वासासाठी आयुष्यभर परसात अडकून राहिली, आणि पोर तिला तो श्वास ऐकू येऊ नये म्हणून आयुष्यभर लांब राहिलं. मधे कासव, पपई खात.

"मूर्ख आहात तुम्ही दोघं," मी म्हटलं. "आत्ता जा आणि सांग तिला. आज रात्री आईजवळ झोप. शिट्टी वाजली तर वाजू दे."

"तुम्हीच विचार करा," तो म्हणाला. "ती मकापाला गेली नाही. अनिसेतोला नाही म्हणाली. ह्याच्यासाठी. आता मरताना तिला सांगू की ते सगळं फुकट गेलं?"

"मग मी सांगते."

तो मला अडवायला आला नाही. पंप खिशात टाकला आणि बिया पसरायला लागला.

मी ठरवूनच आत गेले. पाऊस ओसरला होता. झुल्मीरा जागी होती, उशीवर डोकं एवढंसं दिसत होतं. मी स्टूल ओढलं. पहिलं वाक्य मी तोंडात जुळवून ठेवलं होतं.

"कोमाद्रे, डॉक्टर कोरडा आहे ना?" तिने आधी विचारलं.

"आहे. झुल्मीरा, ऐक, एवाल्दोबद्दल..."

"तू त्याला बोललीस ना? मला इथे ऐकू आलं. तुझा आवाज मशीनपेक्षा मोठा आहे." ती हसली, मग दम घ्यायला थांबली. "नको बोलूस त्याला. नाही राहत तर नाही राहत. मला काय, मी पडल्या पडल्या हिशेब करते, माझ्या हातून झालं काय. शाळेत डाव फिरवला. नवरा सांभाळता आला नाही. घर म्हणशील तर हे असं. एकच गोष्ट झाली. माझं पोर श्वास घेतं. मोकळा. ते मी केलं. बेटावरची अडाणी बाई मी, पण ते मी केलं. खरं की नाही?"

जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं, ते आजतागायत तिथेच आहे.

"खरं," मी म्हटलं.

"मग शपथ घे. मी गेल्यावर डॉक्टरला फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाहीस. एवाल्दोला बिचाऱ्याला काही कळायचं नाही, देऊन टाकेल कुणाला. आणि मग..."

"नाही जाऊ देणार. मातेची शपथ."

तिने डोळे मिटले. एवाल्दो दाराशी उभा होता, केसांतून पाणी गळत होतं, ओठ घट्ट मिटलेले आणि श्वास नाकातून हळूहळू सोडत होता. मी मान हलवली. त्याला कळलं. दिवेलागणीला तो उठला, आईच्या कपाळाला ओठ लावले आणि निघून गेला. ती त्याच्या पावलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकत राहिली.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे ती गेली. मी तिच्या ओठांना ओला कापूस लावत होते. शेवटी नजर होती ती झोळीवर.

एवाल्दोला निरोप गेला. बस मिळेना म्हणून तो पावसात अर्ध्या शहरातून पळत आला. दारात पोहोचला तेव्हा गल्लीतली सगळी माणसं जमली होती. त्याने आईकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि ती शिट्टी सुटली. थांबेचना. गुडघ्यांवर हात टेकून, ओठ निळे पडलेले, तो सगळ्यांदेखत श्वास ओढत होता. पहिल्यांदाच त्याने तोंड कशात दाबलं नाही. माणसं धावली, कुणी पाणी, कुणी खुर्ची. म्हातारी दोना ऑतिलिया छातीवर क्रूस काढून म्हणाली, "बघितलंत? तिने डोळे मिटले, लगेच रोग परतला. कासव काय करणार? सगळं तिनेच अडवून धरलं होतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. गल्लीत आजही असंच सांगतात.

मला वाटलं होतं घर विकून तो मराबाला जाईल, कासव मला सांभाळावं लागेल. गेला नाही. तिकडचं काम सोडून आला आणि राहिला. मी घडी घालून पेटीत ठेवलेली झोळी काढून त्याने त्याच आकड्याला टांगली. गल्लीच्या तोंडाशी मोटारी दुरुस्त करतो. आता दुपारी फटीतून त्याचं डोकं येतं, बिया मागायला. डॉक्टरने पपई खाल्ली की नाही तेही सांगतो. आणि रोज दिवेलागणीला, हवा ओली झाली की कुंपणापलीकडून ती शिट्टी सुरू होते, भांड्यांचे आवाज दोन्ही घरांत थांबले तरी चालू राहते.

परवा मी न राहवून म्हटलं, "अरे, मराबाची हवा तुला मानवत होती. इथे कशाला जीव काढतोस? कासवाचं मी बघते, शपथ मी घेतलीय."

"घरी राहायचं होतं, मद्रिन्या. लहानपणापासून," तो म्हणाला. "आता राहता येतं. आता ऐकायला कुणी नाही."

मी आहे ना रे मेल्या, मी रोज ऐकते, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी बियांचं पोतं उचललं आणि फटीतून त्याच्या हातात दिलं.